जरा हात लावता का?

ताईंना रिकामी जागा बघवत नाही. जिन्याचा चौक, रेशन दुकानासमोरचा ओटा, नवरदेवाची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे ताटकळलेला मांडव, नेट बंद पडलं म्हणून बँकेत तोंडं पाडून बसलेली माणसं. आपल्याला यात वैताग दिसतो, ताईंना रंगमंच दिसतो. घसा खाकरल्याचा बारीक आवाज येतो, डावा हात कानाच्या पाळीकडे जातो, आणि मग समजून चालायचं की आता सुटका नाही. त्या दिवशी बँकेत नेट परत आलं तरी कॅशियरने पुढचा नंबर पुकारला नाही. अंतरा चालू होता ना!

ताई संगीत रंगभूमीवरच्या. सुभद्रा केली, रुक्मिणी केली, ‘मानापमाना’तली भामिनी केली, ‘कट्यार’मधली झरीना केली. दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, आमच्या डोंबिवलीतलं सावित्रीबाई फुले कलामंदिर, सगळीकडच्या विंगांतले खिळे त्यांना पाठ आहेत. कुठल्या खिळ्याला शालू अडकतो ते त्या झोपेतही सांगतील. पण संगीत नाटकांचे प्रयोग महिन्याला किती लागतात हे वेगळं सांगायला नको. मग उरलेल्या दिवसांत ताई मालिकेत कुणाची तरी आत्या होतात, जाहिरातीत मसाल्याच्या नावावर तान घेतात आणि कार्टूनला आवाज देतात. आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांना सुभद्रा म्हणून ओळखत नाहीत, चेटकीण म्हणून ओळखतात. ताईंना त्याचं काही वाटत नाही. उलट लिफ्टमध्ये पोरं भेटली की चेटकिणीचं ते हसणं तीन मजले हसून दाखवतात, आणि चौथ्या मजल्यावर त्याच श्वासात, “आता हेच हसणं यमनात ऐक हं,” म्हणतात. पोरगं दुसऱ्या मजल्यावर राहणारं असलं तरी पाचव्यापर्यंत जातं.

माणसाशी पहिली ओळख झाली की आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो. ताई पट्टी काढतात. “तुम्ही काळी दोनमध्ये बोलता. छान आहे, पण वाक्याच्या शेवटी उतरता,” हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेव्हा मी मेंटेनन्सच्या थकबाकीबद्दल बोलत होतो. तेव्हापासून थकबाकी मागताना वाक्याच्या शेवटी उतरू नये, याची मी काळजी घेतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची हाक काळी पाचमध्ये आहे, म्हणून भाजी त्याच्याकडूनच. त्याची मेथी जून असते, पण ताईंच्या लेखी हा दुय्यम मुद्दा. आमच्या दाराची बेल त्यांना इतकी खुपली की त्यांनी स्वतःच्या खर्चाने इलेक्ट्रिशियन पाठवून ती बदलून घेतली. नाटक चालू असताना प्रेक्षागृहात कुणाचा मोबाइल वाजला तर इतर नट रागावतात. ताई एकदा थांबल्या, रिंगटोनचा षड्ज धरला आणि त्यावरून आलाप घेत स्वतःच्या पट्टीत परतल्या. फोनवाल्या गृहस्थाला टाळ्या पडल्या. तो अजूनही सांगत फिरतो म्हणे, की आपण ताईंना साथ केली आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी कीर्तनाचं वेड घेतलेले काका असतात, कुणी पोवाडे घेऊन शाळाशाळांतून हिंडणारे सर असतात. कलेवर त्यांचं प्रेम असतंच, पण त्याहून जास्त, ती कला न ऐकलेला माणूस त्यांना सहन होत नाही. जेवून आलोय म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात कोकणातली बाई तरीही दोन घास वाढतेच, त्यातली ही जात.

ताईंचं हे वेड माहेरचं आहे. माहेर गोव्यात, फोंड्याजवळ. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. ताईंचं गाव मंगेशीहून दोन डोंगर पलीकडे, पण बोलण्याच्या ओघात ते दोन डोंगर हमखास गायब होतात. तिकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं संगीत नाटक उभं करतात. पोस्टमन कृष्ण होतो, शाळामास्तर बलराम होतात, आणि हार्मोनियमवर जो बसतो त्याचं सकाळी किराण्याचं दुकान असतं. “आमच्या गावात नाटक बघायला कोण उरतंच नव्हतं रे,” ताई सांगतात, “अर्धा गाव रंगलेला आणि उरलेला अर्धा प्रॉम्प्टर!” खरंच आहे ते. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना सगळी पदं पाठ. नटाने एखादी जागा गाळली तर मांडवातून कुणीतरी ती पुरी करायचा. लग्न होऊन डोंबिवलीत आल्यावर ताईंनी पाहिलं, की इथे गाणारे स्टेजवर आणि ऐकणारे खुर्चीत, मध्ये तिकीट. हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून अनेकदा येतं: “जरा हात लावता का?” हे ऑर्गनबद्दल असतं.

त्या ऑर्गनविषयी थोडं लिहिलंच पाहिजे. पेटी काखोटीला मारून नेता येते, ऑर्गन म्हणजे लाकडी कपाट. परदेशातून बोटीने कधीकाळी आलेला, पायाने भाता मारायचा, समोर ओढायच्या खुंट्या, त्यांवरची इंग्रजी अक्षरं पुसट झालेली. डावीकडून तिसरी पट्टी पावसाळ्यात खाली गेली की वर येत नाही. मग वादकाने वाजवता वाजवता करंगळीने ती उचलायची. भात्याच्या कातड्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे. बाकी सगळे आता की-बोर्ड वापरतात, त्यात ऑर्गनचा आवाजही असतो, वजन चार किलो. मी हे एकदा सुचवलं. ताई म्हणाल्या, “त्यात श्वास कुठाय?” ऑर्गनचा सूर हवेवर चालतो, गाणाऱ्याचाही हवेवर चालतो, तेव्हा दोघांनी मिळून दम घ्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं पटलं, आणि पुढच्याच आठवड्यात तो मजल्यावरून खाली उतरवताना माझी कंबर धरली. टेम्पोवाला, कुरिअरवाला, कुत्र्याला फिरवायला निघालेले डॉक्टर, मतं मागायला आलेला उमेदवार, त्या जिन्यावर ज्याची गाठ पडली त्याने ऑर्गनला हात लावलेला आहे. उमेदवार पडला, पण ऑर्गन सुखरूप पोचला.

आणि जातो कुठे हा ऑर्गन? नगरपालिकेच्या शाळेत, वृद्धाश्रमात, वस्तीतल्या बालवाडीत, कधी तुरुंगातसुद्धा. तुरुंगाच्या फाटकावर शिपायांनी भात्यात हात घालून तपासणी केली होती. त्या कार्यक्रमाचं ताई फार कौतुक करतात. “शेवटची लोकल गाठायची म्हणून भैरवीच्या आधी उठणारा एकही माणूस नाही. असा प्रेक्षक मला शिवाजी मंदिरात मिळाला नाही!”

शाळेतला प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे, कारण ऑर्गनला हात लावून तिथपर्यंत गेलो होतो. सहावीचा वर्ग. ताईंनी ‘सौभद्र’ काढलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आलं. पोरांच्या पणजोबांच्याही आधीचं. ताईंनी साल सांगितलं नाही. विचारलं, “दादाने ठरवलेलं स्थळ ताईला पसंत नसेल तर काय करायचं?” वर्ग एकदम जागा. बलरामदादा बहिणीला दुर्योधनाला देणार, तिचं मन अर्जुनावर, आणि धाकटा भाऊ कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवतोय. अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्याच घरी मुक्कामाला येतो, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे अर्जुनाने फेक अकाउंट काढलं!”

बाई लाल झाल्या. वर्गाच्या बाई, आमच्या ताई नव्हेत. ताई हसत हसत खडू टाकून खाली बसल्या. “बरोब्बर! आणि कृष्णाला ते माहीत होतं, पण त्याने रिपोर्ट नाही केलं.” नंतर अर्धा तास वर्गाने काय गायलं म्हणता! ताना कसल्या, आरोळ्याच त्या, पण ठेका सुटला नाही. फेक अकाउंटवाला मुलगा सगळ्यात बेसूर होता. ताईंनी त्याला भाता मारायला बसवलं. दोन्ही पायांनी तो असा काही भाता मारत होता, की करंगळीची पट्टीसुद्धा आपोआप वर येत होती.

या सगळ्याला आधार म्हणून ताईंकडे इतिहास तयार असतो. बिल्डिंगच्या लिफ्टचं काम निघालं आणि वर्गणी जमेना, तेव्हा त्यांनी पार्किंगमध्ये मैफल जाहीर केली. सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टसाठी नाट्यसंगीत हे जरा कसंसंच वाटतं. झालं! “८ जुलै १९२१,” ताईंनी सुरुवात केली. मुंबईत संयुक्त ‘मानापमान’. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकांच्या तोडीस तोड कंपन्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. “त्यांनी स्वराज्यासाठी गायलं, मी लिफ्टसाठी गाते. ज्याची त्याची उंची.” सेक्रेटरी गप्प. लिफ्ट सुरू झाली, आणि उद्घाटनाला तिच्यात पहिला कोण चढला असेल, तर ऑर्गन.

हाच इतिहास आजारपणातही वापरला जातो. तालमीला येत नाही, सर्दी झाली आहे, असं कुणी कळवलं की ताई शांतपणे सांगतात, १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. यावर सर्दीवाल्याने काय बोलायचं? तो वाफ घेऊन मुकाट्याने येतो.

गणपतीत सोसायटीतल्या लोकांचंच ‘सौभद्र’ बसवायचं, हा त्यांचा हट्ट कुणी गांभीर्याने घेतला नव्हता. पण बलराम म्हणून त्यांनी पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर निवडले, तेव्हा बाईंची नजर किती तयार आहे ते कळलं. गृहस्थ मुळातच चिडलेले. अभिनयाची गरजच नाही. सुभद्रा झाली डेंटल कॉलेजची एक मुलगी. नारद मात्र मिळेना. वरच्या स्वरात खणखणीत लागणारा आवाज कुणाकडे नव्हता. आणि मग एका रात्री गेटवरच्या केबिनमधून बिरहा ऐकू आला. आमचा वॉचमन गाझीपूरकडचा. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून गात होता. ताई गाऊनवर शाल घेऊन खाली उतरल्या, केबिनबाहेर उभ्या राहून पुरतं ऐकलं, आणि म्हणाल्या, “काळी पाच! इतके दिवस गेट काय उघडत बसलास?”

दुसऱ्या दिवसापासून देवाणघेवाण सुरू. तो त्यांना बिरहा शिकवी, त्या त्याला नारदाची पदं. केबिनमध्ये गाड्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर हिंदी वळणाच्या अक्षरांत पदं उतरवलेली होती. समोरच्या पानांवर दूधवाला किती वाजता आला ते. अडचण एकच, त्याला ‘ळ’ येईना. बलराम संतापले. तालमीत म्हणाले, नारद असला बोलतो का? ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “नारद कुठे डोंबिवलीचा आहे? तिन्ही लोकांत फिरणारा माणूस तो. त्याचे उच्चार असेच असणार.” यावर बलरामांना उत्तर सुचलं नाही, पुढच्या प्रवेशात ते जास्तच चांगले चिडले.

प्रयोगाला एक संकट कायद्याचं होतं. जुन्या काळी ही नाटकं पहाटेपर्यंत चालत; आता रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. म्हणजे पदं कापायची. ही कापाकापी काका करत होते. काका म्हणजे ताईंचे यजमान. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, स्वराशी जन्मात संबंध नाही, भूप आणि भैरवीतला फरक त्यांना ताईंच्या साडीवरून कळतो. पण तिसरी घंटा सेकंदाला सेकंद देणार, पडदा ओढणार, थर्मासमधून ज्येष्ठमधाचं पाणी बरोबर दुसऱ्या प्रवेशानंतर पुढे करणार. ते घड्याळ पाहून पद कापायचे, आणि ताई एकेका पदासाठी भांडायच्या. “हे गेलं तर रुक्मिणी मुकी होईल हो!” काका पेन्सिल थांबवत आणि दुर्योधनाच्या बाजूची दोन वाक्यं कापत. दुर्योधनाकडून भांडायला कोणी नव्हतं. शेवटी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘वेळेअभावी प्रेक्षकांनी वन्समोअर देऊ नये.’ खाली सेक्रेटरींची सही.

प्रयोगाच्या संध्याकाळी अर्जुन कसाऱ्याजवळ गाडीत अडकला. ओव्हरहेड वायर तुटली होती. ताईंनी क्षणभर विचार केला, भगवी कफनी अंगावर चढवली, केस पागोट्यात कोंबले आणि अर्जुन म्हणून स्वतः उभ्या राहिल्या. कुणीतरी विंगेत कुजबुजलं, बाईमाणूस अर्जुन? “बालगंधर्वांनी जन्मभर लुगडं नेसलं, मी एक रात्र कफनी घातली तर कुणाचं काय गेलं?” आणि आत शिरल्या. नारद आला. पहिलंच पद वरच्या षड्जावर असं लागलं, की समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. सूचना लावणारे सेक्रेटरीच उभे राहिले आणि ओरडले, “वन्समोअर!” काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग घड्याळ खिशात टाकलं.

दहा वाजून गेले होते का? मी सोसायटीचा सभासद आहे, मला विचारू नका.

वृद्धाश्रमातले कार्यक्रम याहून शांत असतात. तिथे एक आजोबा आहेत, आठवण फार राहत नाही. ताईंनी पद गायलं की टाळी वाजवून वन्समोअर देतात. ताई पुन्हा गातात. आजोबा पुन्हा वन्समोअर देतात, कारण आत्ताच ऐकलेलं त्यांना आठवत नाही. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असतात. व्यवस्थापक ओशाळून खुणा करतात. ताई गातच राहतात, आणि लबाडी अशी, की दर खेपेला एक जागा वेगळी घेतात. परतताना मी म्हटलं, दमला असाल. तर म्हणाल्या, “अरे, इतकी वर्षं नाटकात काढली. इतके खरे वन्समोअर मिळालेत कुठे?”

हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय, की ताईंचं मी कौतुकच करत सुटलोय. तसं नाही. सकाळी पावणेसातला त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, त्यात नुसता एक लांबलचक ‘सा’ असतो, आणि संध्याकाळी विचारतात, ऐकलास का, कसा लागला होता? त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेलेल्या बायका वाण आणि दोन अंक घेऊन परततात. लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून मटार सोलणाऱ्या बायकांचं भजन छान चाललं होतं. ताईंनी त्यांना नांदी शिकवली, आणि आता डोंबिवलीहून गाडी सुटताना नांदी झाल्याशिवाय मटाराची पिशवी उघडत नाही. ‘कट्यार’चा सिनेमा २०१५ साली आला तेव्हा त्या आम्हा सगळ्यांना घेऊन गेल्या आणि एका गाण्यानंतर त्यांनी सिनेमाच्या पडद्यालाच वन्समोअर दिला. गाणं परत झालं नाही, याचा राग त्या अजून धरून आहेत.

मानधन त्या मागत नाहीत. टेम्पोचं भाडं तेवढं घेतात. बाकी शाल आणि श्रीफळ. शाली इतक्या झाल्या की त्यांनी एक गठ्ठा वृद्धाश्रमाला देऊन टाकला. पुढच्या वर्धापनदिनी वृद्धाश्रमाने ताईंचा सत्कार केला, आणि खांद्यावर जी शाल पडली तिच्या काठावर हळदीचा ओळखीचा डाग होता. ताईंनी ती मानाने पांघरली, गायल्या, आणि निघताना दाराशी बसलेल्या एका आजींच्या मांडीवर घडी करून ठेवली.

तेव्हा तुमच्या सोसायटीत, शाळेत, वाचनालयात कार्यक्रम करायचा असेल तर निःसंकोच बोलवा, ताई नाही म्हणणार नाहीत. ऑर्गन उतरवायला चार धडधाकट माणसं तेवढी ठेवा. नारळ द्या, गोव्याचं घर आहे, सोलकढीत संपतात. शाल देऊ नका.